ठिपका कुठे ठेवायचा: ऑक्टोबर ते मार्चची जीपीएस नोंद

मागच्या मोसमापर्यंत मी हातातलं जीपीएस नुसतं सोबत न्यायचो. गाडीतून उतरलं की सुरू करायचं, सॅकच्या पट्ट्याला अडकवायचं आणि घरी येऊन आपली रेघ नकाशावर बघायची. यंदा उलटं करून पाहिलं. रेघ आधी घरी आखली आणि मग तिच्यावर चाललो. यंत्र तेच जुनं, गार्मिनचं ईट्रेक्स ३०, दोन एए सेलवर चालणारं. त्यात हवेच्या दाबावर चालणारा उंचीमापक आहे, त्याचा उपयोग पुढे येईल. सहा महिन्यांत पाच ट्रेक झाले. दोन पूर्ण मळलेल्या वाटांवरचे होते, तिथे यंत्राकडे बघायचीही गरज पडली नाही. उरलेल्या तीन ट्रेकबद्दल लिहितो.

नवीन मंडळींसाठी एक खुलासा आधीच करतो, कारण मी स्वतः वर्षभर यात गोंधळलो होतो. रूट म्हणजे आपण घरी टाकलेले मोजके ठिपके, एकापुढे एक. दोन ठिपक्यांमध्ये यंत्र सरळ रेघ धरतं, मग मध्ये दरी असो की कातळ. ट्रॅक म्हणजे कुणीतरी प्रत्यक्ष चाललेल्याचा माग, दर काही पावलांवर एक बिंदू. दोन्ही जीपीएक्स फाइलीतच बसतात, त्यामुळे दिसायला सारखे, पण त्यांच्यावर विसंबायची रीत वेगळी. दुसऱ्याचा ट्रॅक मिळाला तर चालायला घेण्याआधी तो मोठा करून बारकाईने बघा. रेघ जिथे शे-दोनशे मीटर बाजूला जाऊन त्याच अंगाने परत आलेली दिसते, तिथे ती मंडळी चुकलेली असतात. ती जागा तुम्हालाही चकवणार. मी अशा प्रत्येक जागी आता एक ठिपका टाकतो.

ऑक्टोबर: राजगड ते तोरणा

गुंजवण्यातून चोरदरवाजाने पद्मावती माचीवर मुक्काम, दुसऱ्या दिवशी संजीवनी माचीच्या अळू दरवाजातून उतरून धारेने तोरण्याकडे, बुधला माचीवरून गडात आणि बिनी दरवाजाने वेल्ह्यात. वाट प्रसिद्ध आहे, म्हणून सरावाला घेतली. उपग्रह चित्रावर बोट ठेवून रेघ ओढली आणि तिच्यावर साधारण दर ३०० मीटरला एक, असे ४१ ठिपके टाकले. कागदावर फार देखणं दिसत होतं.

पहिली अडचण उतरायच्या आधीच आली. मी मागच्या महिन्यात यंत्र गाडीत वापरलं होतं आणि मार्गाची सेटिंग तशीच ठेवली होती. त्यामुळे यंत्राने माझे ठिपके डांबरी रस्त्यांनी जोडायला घेतले आणि धारेवरची वाट सोडून मला खाली गावाकडे वळवू लागलं. चूक सर्वस्वी माझी. डोंगरात जाताना मार्गाची पद्धत ‘डायरेक्ट’ केलेली हवी, म्हणजे ठिपक्यांमध्ये सरळ रेघच राहते. आता आदल्या रात्रीच्या यादीत हे पहिलं काम आहे.

दुसरी अडचण मात्र शिकवून गेली. अळू दरवाजातून उतरल्यावर धारेवर कमरेएवढं गवत होतं, पावसाळ्यानंतर वाटेवर पाय पडलेले नव्हते. एका ठिकाणी धारेतून डावीकडे एक सोंड फुटते. माझा एक ठिपका त्या फाट्याच्या बराच अलीकडे होता आणि पुढचा बराच पलीकडे. बाण दाखवत होता तो धार आणि सोंड यांच्या मधोमध, म्हणजे हवेत. आम्ही सोंडेने दोनेकशे मीटर उतरलो. गवताखाली ढोरवाटही होती, त्यामुळे खात्रीच वाटत होती. ‘पुढच्या बिंदूचं अंतर’ कमी व्हायचं थांबलं तेव्हा लक्षात आलं. परत चढून धारेवर यायला वीस मिनिटं गेली.

४१ ठिपके होते, आणि जिथे एक हवा होता नेमका तिथे नव्हता. घरी येऊन पूर्ण वाट पुन्हा तपासली. जिथे वाट दुसरीकडे जाऊच शकत नाही, म्हणजे अरुंद धार किंवा कड्याला चिकटलेली आडवी वाट, तिथे मी भरपूर ठिपके टाकले होते. फाट्यांवर, खिंडीत, पदरातल्या (कड्याखालच्या सपाटीवरच्या) मोकळवनात, ओढा ओलांडायच्या जागी एकही मुद्दाम टाकलेला नव्हता. पडले होते ते योगायोगाने.

तेव्हापासून नियम केला: एक ठिपका फाट्यावर आणि दुसरा फाटा ओलांडून बरोबर वाटेवर. दुसरा किती पुढे, यावर बरेच प्रयोग केले. उघड्यावर माझं यंत्र ५ ते १० मीटर इकडेतिकडे होतं, आणि घरी टाकलेला ठिपकाही तेवढाच चुकलेला असू शकतो. म्हणजे दोन वाटा एकमेकींपासून निदान ३० मीटर लांब झाल्याशिवाय यंत्र त्यांच्यात फरक सांगू शकत नाही. बहुतेक फाट्यांवर हे अंतर ५० ते ८० मीटर चालल्यावर पडतं. तेवढंच ठेवतो. (मे २००० पर्यंत अमेरिकेने नागरी संकेतांत मुद्दाम चूक मिसळलेली असायची, १०० मीटरपर्यंतची. तेव्हा धार आणि सोंड यांतला फाटा हातातल्या यंत्राने कळणं अवघडच होतं.)

डिसेंबर: उपांड्या उतरून मढे घाट

केळदहून उपांड्या घाटाने कर्णवडीत उतरायचं, रानवडीकडून मढे घाटाने पुन्हा केळदला यायचं. एका दिवसाचा छान गोल ट्रेक. या वेळी फक्त १४ ठिपके, आणि प्रत्येकाला नाव. नावं रोमन अक्षरांत दोन-तीन अक्षरांची टाकतो, पण अर्थ मराठी: फाटा-उजवा, ओढा-ओलांड, घाटतोंड, पाणी. पडद्यावर नाव आलं की पुढे काय करायचं ते लगेच कळतं. ‘०२७’ या नावाने काहीच कळत नाही.

तयारीत दोन गोष्टींनी घाम काढला, दोन्ही आकड्यांच्या. उपांड्याच्या घाटतोंडाचे अक्षांश-रेखांश एका जुन्या ट्रेकर काकांनी फोनवर सांगितले. अंशांनंतर त्यांनी ‘चौदा पॉइंट तीस’ म्हटलं, मी चौदा मिनिटं तीस सेकंद लिहिलं. १४.३० मिनिटं म्हणजे १४ मिनिटं १८ सेकंद. फरक १२ सेकंदांचा, आणि अक्षांशाचा एक सेकंद जवळजवळ ३१ मीटर. ठिपका ३७० मीटर सरकून बसला. सपाटीवर हे चाललं असतं, पण घाटमाथ्यावर ३७० मीटर म्हणजे सरळ कोकणाच्या बाजूला. उपग्रह चित्रावर ठिपका कड्याबाहेर दिसला म्हणून वाचलो. आता फोनवर कुणाकडून घेताना आधी विचारतो, दशांश मिनिटं की सेकंद? आपसात देवाणघेवाण करायची तर यूटीएम बरं, म्हणजे पृथ्वीचे उभे पट्टे पाडून जागा सांगायची पद्धत. आपला पश्चिम महाराष्ट्र ४३ व्या पट्ट्यात येतो आणि आकडे थेट मीटरमध्ये असतात, वजाबाकी केली की अंतर समोर.

दुसरी गोष्ट डेटमची, म्हणजे पृथ्वीचा कोणता आकार धरून अक्षांश-रेखांश मोजले त्याची. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या टोपोशीट (उंची दाखवणारे नकाशे) सर्वेक्षक जॉर्ज एव्हरेस्टच्या गोलाभावर बेतलेल्या आहेत, जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ या वेगळ्या डेटमवर चालतं. जुन्या नकाशावरून मोजलेला बिंदू तसाच यंत्रात टाकला तर आपल्या भागात तो शंभर मीटरच्या वर सरकतो. माझ्याकडच्या जुन्या नकाशावरून उतरवलेले तीन ठिपके सगळे एकाच दिशेला सारखेच सरकलेले निघाले. असं एकसारखं सरकणं दिसलं की आधी डेटम तपासा, मोजताना हात हलला असेल असं मानू नका.

प्रत्यक्ष ट्रेक सुरळीत झाला. १४ पैकी १२ ठिपके वाटेपासून १५ मीटरच्या आत. तेराव्याची गोष्ट सांगतो. मढे घाट चढायच्या आधी एका घराशी पाणी प्यायला थांबलो, तिथल्या मामांना पडद्यावरची रेघ दाखवली. त्यांनी यंत्र हातात घेऊन नीट बघितलं आणि म्हणाले, “तुमची रेघ चुकीची न्हाई. पर त्या वढ्याच्या अंगाला औंदा दरड आलीया. वरल्या झाडापासनं जावा.” मी म्हटलं, “मामा, किती वरून?” तर म्हणाले, “गुरं जात्यात तितनं.” गुरं गेली तिथून गेलो. रेघेपासून जवळजवळ ९० मीटर वर निघाली ती वाट. तो ठिपका मी तिथेच हलवला, नावापुढे महिना घातला. ठिपक्याला तारीख हवी हे तेव्हा सुचलं. दोन पावसाळे उलटलेला ओढ्यावरचा ठिपका मी आता कच्चा धरतो.

फेब्रुवारी: नळीची वाट

बेलपाड्यातून हरिश्चंद्रगडावर, कोकणकड्याच्या शेजारच्या नाळेतून, म्हणजे दोन कड्यांमधल्या अरुंद घळीतून. इथे कातळटप्पे आहेत, दृष्टिभय आहे, म्हणजे खालची खोली बघून भीती वाटते. सोबत दोर आणि या वाटेची माहिती असलेले दोघं होते. जीपीएस हा इथे जाण्याचा परवाना नव्हे, हे आवर्जून सांगतो. मी फक्त यंत्र नाळेत कसं वागतं ते टिपायला घेतलं होतं.

आखतानाच मर्यादा दिसल्या. फुकट मिळणाऱ्या बहुतेक नकाशांवरच्या समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) फेब्रुवारी २००० मध्ये अवकाशयानातून केलेल्या रडार मोजणीवरून येतात, ती मोजणी एसआरटीएम म्हणून ओळखली जाते. त्यात साधारण ३० मीटरला एक उंची आहे. अशा दोन उंचींच्या मध्ये २० मीटरचा उभा कातळ आला, तर नकाशावर तो ३४ अंशांचा उतार म्हणून उमटतो. १० मीटरचा टप्पा तर १८ अंशांचा सौम्य चढ. सह्याद्रीत हीच खरी फसगत आहे. हिमालयात रेषा दाट झाल्या की सावध होता येतं, इथे रेषा विरळ असूनही समोर दोन माणसं उंचीचा उभा कातळ येतो. म्हणून बेसॉल्टच्या डोंगरात समोच्च रेषांवरून उतार ठरवायचं मी सोडलं. उपग्रह चित्रावर दुपारच्या सावलीत काळी पट्टी दिसते का ते बघतो, ती पट्टी म्हणजे कातळ.

नाळेत आकाशाची फक्त एक फट दिसते. उपग्रह मोजके, आणि त्यांचे संकेत भिंतींवर आपटून उशिरा पोचतात. घरी आल्यावर ट्रॅक बघितला तर नाळेतला अर्धा तास रेघ दोन्ही भिंतींच्या आत-बाहेर उड्या मारत होती, काही बिंदू ६०-७० मीटर लांब. जागेवर असतानाही पडद्यावरचा त्रिकोण कातळात घुसलेला दिसत होता. तिथे त्याच्यामागे गेलो असतो तर काय झालं असतं ते लिहीत नाही.

कामाला आली ती उंची. बेलपाड्यात नकाशावरच्या उंचीवर दाबमापक जुळवून घेतला होता आणि जीपीएसवरून आपोआप जुळवण्याची सोय बंद ठेवली होती, नाहीतर बिघडलेल्या संकेताने चांगली उंचीही बिघडते. नाळेत मी ठिपके जागेने न वाचता उंचीने वाचले. नाळ हा एकच रस्ता, त्यामुळे किती मीटर चढलो एवढं कळलं तरी आपण कुठे आहोत ते कळतं. बाहेर पडायची जागा मी मीटरमध्ये लिहून ठेवली होती. दुपारी तिथे पोचलो तेव्हा यंत्र २० मीटर जास्त दाखवत होतं. याचं कारण घरी समजून घेतलं. आपल्याकडे हवेचा दाब सकाळी १० च्या सुमारास चढतो आणि दुपारी ४ च्या सुमारास उतरतो, हवा स्वच्छ असली तरी. फरक ३ हेक्टोपास्कलच्या (हे दाबाचं माप) आसपास, आणि एका हेक्टोपास्कलला साधारण साडेआठ मीटर. म्हणजे सकाळी जुळवलेलं यंत्र दुपारी आपसूक वीस-पंचवीस मीटर उंच बोलतं. पुढच्या वेळी वाटेत माहीत असलेल्या उंचीवर पुन्हा जुळवून घेईन.

काही सुट्या नोंदी

सेल: चार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइड वापरतो. यंत्रात सेलचा प्रकार तोच निवडायचा, नाहीतर १.२ व्होल्टचे सेल त्याला निम्मे संपलेले वाटतात. होकायंत्र सतत चालू ठेवून मला एका जोडीवर १७ तास मिळाले.

अंतर: उपांड्या-मढेची घरी आखलेली रेघ ९.८ किलोमीटर भरली, चाललेला ट्रॅक १३.१. यातलं काही वळणांचं, काही जेवायला बसल्यावर यंत्राने जागच्या जागी फिरवलेलं. आता जेवताना नोंद थांबवतो. वेळेचा अंदाज बांधताना आखलेल्या अंतराला सरळ सव्वापट करतो.

अमेरिकेतल्या एका मित्राने विचारलं, येताना उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र आणू का? नको म्हटलं. अशी उपकरणं भारतात सरकारी परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत, आणि विमानतळावर त्यासाठी प्रवाशांना ताब्यात घेतल्याचे प्रसंग घडलेत. आपलं साधं जीपीएस फक्त ऐकतं, बोलत नाही, त्याला ही अडचण नाही.

मार्चच्या अखेरीस राजगड-तोरणा पुन्हा आखला. ४१ चे ११ झाले. त्यातले दोन त्या सोंडेच्या फाट्यावर आहेत, एक फाट्यावर आणि एक ६० मीटर पुढे धारेवर. गवत आता वाळलंय, वाट उघडी असेल, तेव्हा खरी कसोटी यंदाच्या ऑक्टोबरातच लागेल. दिवाळीआधीचा शनिवार धरून ठेवलाय.