महिना सहावा: तीन बॅगा हुकल्या, एक स्कार्फ गावला

ब्रँडेड बॅगा-स्कार्फ स्वस्तात मिळवायच्या माझ्या खटपटीचा मागच्या महिन्यात अपडेट टाकला नाही कारण दाखवण्यासारखं काही नव्हतंच. विशलिस्टमधल्या तीन बॅगा डोळ्यादेखत गेल्या. पहिल्या मार्कडाउनला (म्हणजे किंमत उतरवतात तेव्हा) ३० टक्के उतरल्या तेव्हा म्हटलं थांबू, अजून उतरतील, आणि उतरल्या पण, ५० झालं, फक्त तोवर काळी आणि टॅन संपून तो पोपटी रंग तेवढा उरलेला. तर आता काळी-टॅन दिसली की पहिल्याच मार्कडाउनला उचलायची, पोपटीसाठी निवांत थांबायचं, ती कुठं जात नाही.

लुई व्हिताँचा सेल कधी लागणार असं दोघीतिघींनी विचारलंय. अगं लागतच नाही! सेल नाही, आउटलेट (ब्रँडचंच सवलतीत विकणारं दुकान) नाही. स्वस्तात हवी तर सेकंडहँड, बाकी 'नवीकोरी, ७० टक्के ऑफ' दिसली की टॅब बंद करा. बर्बेरीने तर एका आर्थिक वर्षात (२०१७-१८) २.८६ कोटी पाउंडांचा न विकलेला माल नष्ट केला होता, आरडाओरड झाली तेव्हा २०१८ मध्ये ते थांबवलं. म्हणजे भाव पाडण्यापेक्षा माल संपवलेला परवडला यांना, आणि आपण बसलोय रिफ्रेश मारत.

आउटलेटचं माझं वेड तसं ओसरलंय. तिथला बराच माल खास आउटलेटसाठीच बनवलेला असतो, दुकानात तो कधी लागलेलाच नसतो, मग टॅगवर खोडलेली 'मूळ किंमत' कुणी दिली होती देव जाणे. माझ्या तिथल्या पर्सचं अस्तर पातळ, आणि बक्कल हातात घेतलं तर बाटलीच्या झाकणाएवढं हलकं. वाईट नाहीये, रोज वापरते, पण ६० टक्के वाचवले असं मी आता कुणाला सांगत नाही.

आता सेकंडहँड. लुई व्हिताँची एक स्पीडी (त्यांची एक हँडबॅग) जवळजवळ घेतलीच होती. विकणाऱ्या बाईंनी डेट कोडचा (बॅग कधी बनली ते सांगणारा, बॅगेतच छापलेला कोड) फोटो पाठवला, अक्षरांपुढे आकडे ६१३८. २००७ पासूनच्या कोडमध्ये पहिला आणि तिसरा आकडा मिळून आठवडा, दुसरा आणि चौथा मिळून वर्ष. म्हणजे २०१८ सालचा ६३वा आठवडा! बाईंना विचारलं तर रिप्लाय नाही, लिस्टिंगच गायब. (कोड बरोबर असला म्हणून बॅग खरी असं नाही हां, आकडे कुणीही छापतं. आणि २०२१ पासून तर कोडच्या जागी चिप आलीय.)

आणि हे या महिन्याचं यश: एर्मेस ब्रँडचा ९० सेंमीचा सिल्कचा स्कार्फ, केअर टॅग कापलेला, एका कोपऱ्यात चहासारखा फिकट डाग, म्हणून स्वस्त. तुम्हाला आठवत असेल दुसऱ्या महिन्यात मी नकली घेऊन बसले होते, तेव्हा प्रिंट बघूनच भाळले, कडेकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. यावेळी डिझाइन बाजूला ठेवून आधी फक्त कडेचे फोटो मागवले. खऱ्याची कड हाताने वळलेली, वळण सुलट बाजूला, गुबगुबीत, टाके जवळजवळ पण अगदी मोजून मारल्यासारखे नाहीत, दोरा कापडाच्या रंगाचा. माझ्या त्या नकलीची कड उलट बाजूला दुमडून मशीनने सरळ रेघ मारलेली. दोन्ही शेजारी ठेवले तर आंधळासुद्धा बोटाने सांगेल.

घोळ एकच, आधीच्या मालकिणीने कडेवरून इस्त्री फिरवलीय, वळण पार चपटं झालंय. डागाला मी अजून हात लावलेला नाही, सिल्कला धीर होत नाही. कडेला मात्र लांबून वाफ देऊन बोटांनी हळूच गोल करतेय, रोज थोडं थोडं. आतापर्यंत एक बाजू बऱ्यापैकी उठलीय, तीन बाकी.