लाज कुणाला?
मेथी निवडता निवडता आईचा हात थांबला. पडद्यावर सिनेमातल्या नायिकेला, दॉक-हीला, त्याच भामट्याचा पुन्हा फोन आला होता, ज्याने तिला फोनवरून लुबाडलं. आता तोच गयावया करत होता, मला या टोळीतून सोडवा म्हणून.

‘सिटिझन ऑफ अ काइंड’, 2024चा कोरियन सिनेमा. मारामारी आहे, हसायलाही भरपूर. पण 2016 साली ह्वासाँगमधल्या लाँड्रीवाल्या बाईच्या बाबतीत हे खरंच घडलंय. तिच्या माहितीवरून टोळीचा म्होरक्या पकडला गेला. बक्षीस हातात पडायला मात्र 2024 उजाडलं.

आई हळूच म्हणाली, “फसवलं त्याने, आणि लाज हिला.”

गेल्या वर्षी आईचे पैसे असेच गेले. तेव्हा आम्ही सगळ्यांनी तिलाच विचारलं होतं, “ओटीपी दिलासच कशाला?”

हातातली काडी ती कितीतरी वेळ नुसती फिरवत राहिली.

तुमच्या घरात काय विचारलं होतं?