एकोणिसावा वाढदिवस

मी मूळचा बांद्याचा. पत्रादेवी ओलांडली की गोवा. नऊ वर्षं पणजीत बारमागे उभा आहे, पण आईला अजून 'हॉटेलात आहे' एवढंच सांगितलंय.

२९ फेब्रुवारी २०२४, गुरुवार. मालकांनी आठवडाभर आधीच फर्मावलं होतं, त्या दिवशी 'लीप इयर' कॉकटेल हवं. आपल्याकडे अख्खा अधिक महिना येतो तेव्हा जावयाला अनारसे. साहेबाचा एक दिवस वाढला तरी कॉकटेल! लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात हॅरी क्रॅडॉक या बारमननं २९ फेब्रुवारी १९२८ च्या जल्लोषासाठी ते बनवलं. त्याच्या १९३० च्या पुस्तकात माप आहे: जिन चार भाग, ग्राँ मार्निए (नारंगीचं लिक्युर) एक, गोड व्हर्मुथ एक, लिंबाचा रस नुसता शिंतोडा. या कॉकटेलमुळे लग्नाच्या मागण्या सगळ्यात जास्त झाल्या म्हणे, अशी फुशारकीही तिथेच मारलीय.

जिन गोव्यातच गाळलेली घेतली. साठ मिली, बाकीचे दोन्ही पंधरा-पंधरा. बर्फ घालून शेकर हलवायचा, गाळायचं, वर लिंबाची साल पिळायची. सोपं काम. पण पहिल्या ग्लासापासून चव बसेना. तिकडचं लिंबू मोठं, पिवळं, सौम्य; आपलं कागदी लिंबू जिभेला चिमटा काढतं. म्हणून रस कमी केला. मग जवळजवळ बंदच केला. तरी तेच. नऊपर्यंत चौदा ग्लास गेले, कोणी तक्रार केली नाही.

मग भाचीबरोबर एक बाई आल्या. फोंड्याच्या, शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या.

"आज माझा एकोणिसावा वाढदिवस. देशील ना, की वयाचा दाखला हवा?"

जन्म १९४८ चा. मी हिशेब करतोय तोच म्हणाल्या, "मोरारजींचाही आजचाच. पण ते काही तुझ्याकडे आले नसते."

एक घोट घेतला, ग्लास नाकाशी नेला.

"आंबलंय रे."

"बाई, आमचं लिंबू जरा..."

"लिंबाला कशाला बोल लावतोस? लिंबाचा आंबटपणा जिभेवर राहतो. हा नाकात चढतोय. व्हिनेगर आहे. कुठली बाटली उघडी होती?"

व्हर्मुथची. शेवटी ती वाइनच, वनस्पती आणि थोडं मद्यार्क घातलेली. उघडली की फ्रिजमध्ये जायला हवी. आमची नाताळापासून वरच्या फळीवर, दिव्याखाली, शोभेला उभी. चौदा वेळा ओतली आणि एकदाही हुंगली नाही. नऊ वर्षांचा अनुभव!

नवी बाटली फोडली, पुन्हा बनवलं. तांबूस रंग तोच, पण आता नारंगी आधी आली, जिन मागून. लिंबाचा शिंतोडाही परत घातला, तो लागतोच. बाईंनी अर्धं प्यायलं, उरलेलं भाचीकडे सरकवलं.

आधीच्या चौदांपैकी दोघे अजून बसलेले होते. त्यांना बदलून दिलं. मालकांनी ते पैसे माझ्या टिपमधून कापले. बारा जण काय पिऊन गेले, ते मात्र त्यांनी विचारलं नाही.

निघताना मी म्हटलं, "बाई, २०२८ ला या ड्रिंकला शंभर होतील आणि तुम्हाला वीस. याल ना?"

"येईन की. तोवर ती जुनी बाटली फेकलेली असू दे म्हणजे झालं."