बर्फाखालचा फड्या निवडुंग

न्यू जर्सीतल्या या घरात आल्यानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात मी एक जिवंत झाड मेले असे समजून उपटून टाकले. आधीच्या मालकांनी अंगणाच्या दक्षिण कोपऱ्यात वाळू आणि खडी घालून एक उंचवटा केला होता आणि त्यावर फड्या निवडुंग लावला होता. सप्टेंबरपर्यंत त्याचे फडे टणक आणि हिरवे होते. डिसेंबरात ते सुरकुतले, जांभळट पडले आणि जमिनीवर आडवे झाले. गावाकडे बांधावर भर उन्हात ताठ उभा असलेला निवडुंग पाहत लहानाचा मोठा झालेला माणूस यावरून दुसरा काय निष्कर्ष काढणार? फावड्याने काढलेले ते फडे मी कुंपणालगतच्या पालापाचोळ्यात टाकले. मे महिन्यात तिथेच त्यांना मुळे फुटून नवे फडे वर आलेले दिसले, तेव्हा माझी चूक माझ्या लक्षात आली.

हा निवडुंग, म्हणजे ओपंशिया ह्युमिफ्युसा, अमेरिकेच्या पूर्व भागातला मूळ रहिवासी आहे. न्यू जर्सीतल्याच सँडी हूकच्या समुद्रकाठच्या वाळूत तो आपणहून वाढतो. (आपल्याकडचा फड्या निवडुंगही मूळचा अमेरिकेचाच. कुंपणाला लावतात तो त्रिधारी, चिकाचा निवडुंग मात्र या कुळातला नाहीच.) दिवस लहान आणि रात्री गार होऊ लागल्या की माझ्या अंगणातला हा निवडुंग थंडीची तयारी सुरू करतो, आणि ही तयारी म्हणजे मुख्यतः पाणी कमी करणे होय. फड्यांतले पाणी घटते, पेशींत साखर आणि तत्सम द्रव्ये दाट होतात, त्यामुळे पेशीरसाचा गोठणबिंदू थोडा खाली जातो. पण खरे रहस्य वेगळे आहे. बर्फ आधी पेशींच्या बाहेर, त्यांच्यामधल्या पोकळ्यांत तयार होतो आणि पेशीतले पाणी हळूहळू बाहेर खेचून घेतो. पेशी आक्रसते, पण तिच्या आत स्फटिक होत नाही. आत स्फटिक झाले तर पेशीचे पापुद्रे फाटतात आणि ती मरते. त्यामुळे मला मरणाची खूण वाटलेल्या त्या सुरकुत्या प्रत्यक्षात जगण्याची युक्ती होत्या. आडवे पडण्याचाही लाभ होतो, कारण जमिनीलगतच्या फड्यांवर बर्फाचे पांघरूण बसते आणि वरच्या बोचऱ्या वाऱ्यापासून ते वाचतात. याच कुळातला ओपंशिया फ्रॅजिलिस तर कॅनडात पीस नदीच्या खोऱ्यापर्यंत, म्हणजे सुमारे ५६ अंश उत्तर अक्षांशापर्यंत, पोहोचला आहे.

ॲरिझोनाच्या वाळवंटातला सग्वारो हा खांबासारखा निवडुंग याच्या अगदी उलट. १२ मीटरपर्यंत उंच वाढणारे आणि पाण्याने भरलेले ते खोड एखाद्या रात्रीचे हिव सोसते, परंतु तापमान दिवसभरही गोठणबिंदूखालीच राहिले तर त्याचा टिकाव लागत नाही. त्याच्या उत्तरेकडील पसाऱ्याची सीमा थंडीच ठरवते.

सदाहरित झाडांची अडचण निराळी, कारण त्यांना पाने सांभाळायची असतात. माझ्या खिडकीसमोर ऱ्होडोडेंड्रॉनचे एक सदाहरित झुडूप आहे आणि हिवाळ्यात मी हवेचा अंदाज त्याच्याकडे पाहूनच बांधतो. पारा गोठणबिंदूखाली घसरू लागला की त्याची पाने देठापासून खाली लोंबतात, आणि गारठा आणखी वाढला की ती विडीसारखी घट्ट वळतात. पाणी वाचवण्यासाठी हे होते असे पूर्वी मानत. पण एवढ्या थंडीत पर्णरंध्रे, म्हणजे पानांवरची बारीक छिद्रे, तशीही मिटलेली असतात. आता जे स्पष्टीकरण दिले जाते ते मला अधिक पटते: गोठलेल्या पानाला सूर्यप्रकाश वापरता येत नाही, तो जादा प्रकाश हरितद्रव्याच्या यंत्रणेलाच इजा करतो, आणि लोंबलेल्या, वळलेल्या पानावर तो कमी पडतो. शिवाय असे पान सकाळी सावकाश वितळते.

हॉली आणि बॉक्सवुड या सदाहरित झुडपांची पाने जाड, मेणचट असतात, पण ती अशी वळत नाहीत. फेब्रुवारीतल्या लख्ख उन्हात वारा सुटला की पानांतून पाणी उडत राहते, जमीन गोठलेली असल्यामुळे मुळे ते भरून काढू शकत नाहीत, आणि वाऱ्याच्या बाजूची पाने तपकिरी होतात. येथील लोक थंडीने झाड जळाले म्हणतात, पण खरे तर ते तहानेने वाळलेले असते. म्हणून जमीन गोठण्यापूर्वी, नोव्हेंबरात, मी या झाडांना भरपूर पाणी देतो आणि वाऱ्याच्या बाजूला गोणपाटाचा आडोसा करतो. खत मात्र ऑगस्टनंतर घालत नाही, कारण त्याने फुटलेली कोवळी पालवी पहिल्याच हिवात करपते.

निवडुंगाला या दिवसांत पाण्याचा थेंबही घालत नाही. त्याला थंडीपेक्षा ओल्या मातीचे भय अधिक. चिकणमातीत तो मुळापासून कुजतो. पालापाचोळ्यातून परत आणलेले ते फडे आता पुन्हा वाळूच्या उंचवट्यावर आहेत. एप्रिलअखेर ते पाणी पिऊन हळूहळू फुगतात, जमिनीवरून मान वर काढतात, आणि जूनमध्ये त्यांना मेणासारखी पिवळी फुले येतात.