बंद मोबाइल दुरुस्तीला द्यायचा तर चालू मोबाइल लागतो!

मोबाइलची बॅटरी बदलणं हे तासाभराचंही काम नाही. सर्व्हिस सेंटरमधल्या काचेपलीकडच्या पोरानं ते माझ्या डोळ्यांदेखत केलं. पण मोबाइल त्या पोराच्या हातात जाईपर्यंत काउंटरवर माझं जे डोकं फिरलं, ते अजून जाग्यावर आलेलं नाही. म्हणून लिहून काढतेय. कुणाच्या उपयोगी पडलं तर पडलं.

उन्हाळा म्हणजे आमच्याकडं कोल्हापुरात कांदा-लसूण चटणीचा हंगाम. ब्याडगी, संकेश्वरी मिरच्या वाळवायच्या, घरी मसाला भाजायचा, डंकावर नेऊन कांडून आणायचा. माझ्या ऑर्डरी पुण्या-मुंबईहून व्हॉट्सॲपवर येतात, पैसे यूपीआयवर येतात, कुरिअरवाल्याचा फोनही ह्याच नंबरवर येतो. म्हणजे मोबाइल हेच माझं दुकान. ते दुकान ऐन एप्रिलमध्ये बंद पडलं.

तसं मोबाइलनं आधीपासून सांगायला सुरुवात केली होती. चाळीस टक्के दाखवत असताना कॅमेरा उघडला की फोन बंद. चार्जरला लावला की परत पस्तीस टक्के. बॅटरी जुनी झाली की तिच्या आत विजेला होणारा विरोध वाढतो. साधं बघत बसलो तर चालून जातं, पण कॅमेरा, फ्लॅश, व्हिडिओ कॉल अशी एकदम जास्त ताकद मागितली की व्होल्टेज कोसळतं आणि फोन स्वतःला बंद करून घेतो. टक्क्यांचा आकडा हा शेवटी अंदाजच. असं व्हायला लागलं तर ‘फोन जुना झालाय’ म्हणून सोडून देऊ नका, आधी चॅटचा बॅकअप घ्या. माझा बॅकअप रोज रात्री गुगल ड्राइव्हवर आपोआप जात होता, त्यामुळं त्या बाजूनं मी निवांत होते.

एके दिवशी सकाळी तो उठलाच नाही. पॉवरचं आणि आवाज कमी करायचं बटण एकत्र दाबून धरलं, काही नाही. केबल बदलली, चार्जर बदलला, चार्जिंगच्या भोकातला कचरा टूथपिकनं हलकेच काढला. बॅटरी पार तळाला गेली असेल तर चार्जरला लावल्यावरही बराच वेळ स्क्रीन काळीच राहते, म्हणून अर्धा तास वाट बघायची असते. तीही बघितली. हे सगळं फोनची पाठ सपाट असेल तरच करा बरं का. माझ्या फोनची पाठ एका कडेनं उचललेली आहे हे राजारामपुरीतल्या मोबाइलवाल्यानं दाखवलं. त्यानं फोन काचेच्या काउंटरवर उताणा ठेवला, बोटानं कोपरा दाबला, तर फोन झुलायला लागला. मग त्यानं स्वतःच्या मोबाइलचा टॉर्च त्या फटीवर धरला. फटीत माझं नख सहज गेलं असतं.

“मावशी, बॅटरी फुगलीया. ह्यो आता चार्जिंगला लावू नकासा, दाबू बी नकासा. माझ्याकडं हिची कंपनीची बॅटरी न्हाई. डुप्लिकेट बसवून देतो म्हटलं तर आत्ता देईन, पण तुम्ही सर्व्हिस सेंटरलाच जावा.”

फुगते म्हणजे आत वायू साठतो. अशा बॅटरीला टोक लागलं, ती वाकली किंवा दाबली गेली तर पेट घेऊ शकते. गिऱ्हाईक हातात असताना त्यानं ते दुसरीकडं पाठवलं, ह्याबद्दल त्या माणसाला मानलं. फोन त्यानं उघडलाही नाही. “मी उघडला तर तिकडं घ्यायचे न्हाईत,” म्हणाला. हे लक्षात ठेवा. कंपनीच्या सेंटरला जायचं असेल तर आधी बाहेर कुठं फोन उघडू द्यायचा नाही.

तर सर्व्हिस सेंटर. कुठल्या कंपनीचं, कुठल्या रस्त्यावरचं ते सांगत नाही. एसी छान होता.

दारातच एक फळी. तिच्यावर क्यूआर कोड. “स्कॅन करून टोकन घ्या,” रखवालदार म्हणाला. मी त्याला माझा काळा पडलेला फोन दाखवला. त्यानं त्या फोनकडं बघितलं, मग कोडकडं बघितलं, आणि परत म्हणाला, “स्कॅन केल्याशिवाय नंबर लागत नाही, मॅडम.” शेवटी मागं उभ्या असलेल्या कॉलेजच्या पोरीनं तिच्या फोनवरनं माझं टोकन काढलं. ते टोकन तिच्या नंबरवर पडलं, त्यामुळं माझा नंबर लागेपर्यंत ती बिचारी अडकून बसली.

काउंटरवर एक मुलगी. बोलायला अतिशय गोड. “मॅम, तुमच्या नंबरवर ओटीपी गेलाय, सांगता का?”

“सिम ह्याच फोनमध्ये आहे. फोन बंद आहे.”

“हो मॅम, पण ओटीपीशिवाय सिस्टीम पुढं जात नाही.”

मी म्हटलं, माझ्या मिस्टरांचा नंबर घाला. तर नाही, फोन घेताना जो नंबर नोंदवलाय तोच लागतो. उन्हातनं घरी आले. कपाटातला जुना बटणांचा फोन काढला, सिम काढलं, तर ते नॅनो सिम त्या मोठ्या खाचेत हरवल्यासारखं झालं. त्याला प्लॅस्टिकची चौकट मिळते, सिम ॲडॉप्टर म्हणतात. शाहूपुरीत दहा-वीस रुपयांत मिळाली. ती चौकट घरात आणूनच ठेवा. सिम काढायची पिन सापडत नसेल तर कानातल्याची बारीक तार चालते.

परत काउंटर. ह्या वेळी ओटीपी टुणकन आला. मला वाटलं जिंकले.

“मॅम, आता आयएमईआय सांगा. स्टार हॅश झिरो सिक्स हॅश डायल केलं की येतो.”

बंद फोनवर डायल करा, असं ती मला सांगत होती, आणि तेही हसून. आयएमईआय म्हणजे फोनची ओळख सांगणारा पंधरा आकडी नंबर. तो फोनच्या खोक्यावर छापलेला असतो, खरेदीच्या बिलावरही असतो. माझं बिल व्हॉट्सॲपवर आलेलं, म्हणजे फोनच्या पोटात. खोकं माळ्यावर, दिवाळीच्या आकाशकंदिलाच्या मागं. परत घर, परत शिडी. (नंतर पुण्याहून लेकानं सांगितलं, कुठल्याही कॉम्प्युटरवरनं आपल्या गुगल खात्यात जाऊन हरवलेला फोन शोधायच्या पानावर गेलं तरी आयएमईआय दिसतो. त्याला हे शिडीवर चढायच्या आधी सुचलं असतं तर बरं झालं असतं.)

खोकं घेऊन गेले. आयएमईआय घातला. सिस्टीम पुढं सरकली. आणि मग ती म्हणाली, “मॅम, सेटिंगमध्ये जाऊन स्क्रीन लॉक तेवढं काढून द्या.”

इथं माझा आवाज चढला. “अहो बाई, स्क्रीनच लागत नाही, तर लॉक काढू कुठनं?”

“लॉक काढल्याशिवाय जॉबशीट निघत नाही, मॅम.” जॉबशीट म्हणजे फोन दुरुस्तीला घेतल्याचा कागद.

रांगेतले सगळे माझ्याकडं बघायला लागले. एक आजोबा म्हणाले, “बरोबर बोलतायत त्या, ऐकून घ्या की.” मी तिथंच खुर्ची ओढून बसले आणि साहेबांना बोलवा म्हटलं. साहेब जेवायला गेलेले. बसले. साहेब आले, तिशीतला पोरगाच होता, त्यानं उभ्या-उभ्या स्क्रीनवर बघितलं आणि एका चौकटीवर टिचकी मारली. तक्रारीच्या यादीत तिनं ‘बॅटरी लवकर उतरते’ हे निवडलं होतं. त्यानं ‘फोन चालू होत नाही’ निवडलं. लॉकचा प्रश्न गायब! जॉबशीट प्रिंटरमधनं बाहेर! एवढ्याशा टिचकीसाठी माझी दुपार गेली.

तर पहिली गोष्ट ही, जी मी सगळ्यात शेवटी शिकले: फोन मेलेला असेल तर तक्रार ‘बॅटरी’ अशी सांगू नका, ‘चालू होत नाही’ असं सांगा आणि ते लिहिताना स्क्रीनकडं लक्ष ठेवा.

जॉबशीटच्या तळाला बारीक अक्षरांत होतं, की डेटा गेला तर कंपनी जबाबदार नाही, गरज पडल्यास फोन रीसेट केला जाईल, म्हणजे आतलं सगळं पुसलं जाईल. मी म्हटलं, बॅटरी बदलायला रीसेट कशाला? फोटो आणि चॅट मदरबोर्डवरच्या चिपमध्ये असतात, बॅटरीत नसतात. ती मुलगी म्हणाली, सगळे सही करतात मॅम. मी पेन घेतलं आणि त्यांच्या आणि माझ्या, दोन्ही कागदांवर मराठीत लिहिलं, ‘फक्त बॅटरी बदलणे. मला विचारल्याशिवाय रीसेट करू नये.’ मग सही केली आणि साहेबाचीही घेतली. त्या दिवशी मला सगळ्यात बरं वाटलं ते ह्या क्षणी.

बॅटरी कोल्हापुरात शिल्लक नव्हती, बाहेरून यायची होती. मधल्या काळात धंदा लेकाच्या जुन्या लॅपटॉपवर चालला, कारण त्यावर माझं व्हॉट्सॲप आधीच जोडलेलं होतं. मूळ फोन बंद असला तरी जोडलेल्या लॅपटॉपवर ते चौदा दिवसांपर्यंत चालतं. फोन धड आहे तोवरच जोडून ठेवा, कारण जोडताना परत फोन लागतो. पैशांसाठी गिऱ्हाइकांना ह्यांच्या खात्याचा नंबर दिला. दोघी-तिघींनी ‘नक्की तुम्हीच ना?’ म्हणून बटणांच्या फोनवर फोन करून खात्री केली. शहाण्या बायका.

बॅटरी आल्याचा निरोप आला. काम माझ्यासमोर करा म्हटलं, तर काचेबाहेर उभं राहायला परवानगी मिळाली. पोरानं फोन गरम पट्ट्यावर ठेवला, रबरी चोषक लावून पाठ किंचित उचलली, प्लॅस्टिकचं पातळ कार्ड फिरवत गोंद सोडवला. आधी बॅटरीची पिन काढली, मग तिच्याखालची पट्टी सावकाश ओढली. बॅटरी बाहेर आली ती टम्म फुगलेल्या भाकरीसारखी. धातूचं हत्यार त्यानं तिच्या जवळपासही नेलं नाही. नवी बसवली, पिन लावली, बटण दाबलं. कंपनीचं नाव चमकलं आणि फोन चालू झाला.

जुनी बॅटरी त्यांनीच ठेवून घेतली. घेत नसतील तर आग्रह धरा. २०२२च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करायची जबाबदारी उत्पादकांवर आहे. घंटागाडीत टाकू नका, गाडीत कचरा दाबला जातो आणि तिथं ती पेटू शकते.

बिल दोन हजारांच्या आत आलं. “मॅम, क्यूआर स्कॅन करून पेमेंट करा.” माझं सिम अजून बटणांच्या फोनमध्ये होतं. मी कनवटीची पाचशेची नोट काढली, मग दुसरी, मग तिसरी, आणि सुट्टे येईपर्यंत हललेच नाही.

घरी येऊन सिम परत घातलं तर यूपीआयच्या ॲपनं पुन्हा एसएमएसनं पडताळणी मागितली. त्यासाठी सिममध्ये बॅलन्स असावा लागतो, तो भरून ठेवा. आणि भाजणी चालू असताना फोन शेगडीजवळच्या फळीवर ठेवू नका. फोनबरोबर येणाऱ्या पुस्तिकांत साधारण पस्तीस अंशांपर्यंतच वापरायला सांगितलेलं असतं आणि आमच्या कोल्हापुरात एप्रिलची दुपार नुसती सावलीतच त्याच्या वर जाते. मी आता फोन पुढच्या खोलीत ठेवते. रिंग मोठी केली आहे, मिरच्या परतताना ऐकू येते.