अपडेट करण्याआधी शेवटच्या बारचा क्रमांक लिहून ठेवा

कार्यक्रम तोंडावर आलेला असताना स्वरलेखनाचं सॉफ्टवेअर अपडेट करू नका. म्यूझस्कोर या सॉफ्टवेअरच्या ३ आणि ४ या आवृत्त्या एकाच संगणकावर शेजारी शेजारी राहू शकतात, मग जुनी आवृत्ती काढायची घाई कशाला? ४ मध्ये सेव्ह केलेली फाइल ३ मध्ये उघडत नाही, बहुतेकांची फसगत इथेच होते. म्हणून मूळ फाइलला हात लावू नका, नव्या आवृत्तीत तिची प्रत उघडा.

खरा घोळ मांडणीत होतो. फाँट किंवा स्वरांमधलं अंतर ठरवायची पद्धत बदलली, की ज्या ओळीत पाच बार (उभ्या रेषांनी आखलेले मात्रांचे भाग) बसायचे तिथे चारच मावतात. पाचवा खाली घसरतो, त्याच्यामागे पुढचे सगळे. व्हायोलिनवादक ज्या तीन बारांच्या विश्रांतीत पान उलटायचा, ती विश्रांती आता पानाच्या मधोमध आणि पान संपतं भर सुरावटीत! स्क्रीनवर हे पटकन लक्षात येत नाही. यासाठी अपडेटआधी पूर्ण स्कोअर (सगळ्या वाद्यांचं एकत्र स्वरलेखन) आणि प्रत्येक वाद्याचा पार्ट पीडीएफ करून ठेवा. नंतर प्रत्येक पानावरच्या शेवटच्या बारचा क्रमांक ताडून पाहा.

म्यूझिकएक्सएमएलची, म्हणजे वेगवेगळ्या स्वरलेखन सॉफ्टवेअरमध्ये उघडणाऱ्या फाइलची, प्रतही हवीच. फिनाले या स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरचा विकास ऑगस्ट २०२४ मध्ये थांबला, तेव्हा दुसरीकडे जायला हाच मार्ग कामी आला. त्यातून स्वर, लय, गीताचे शब्द नीट येतात. हाताने वळवलेले स्लर (स्वर जोडणाऱ्या कमानी) आणि प्लेबॅकच्या सेटिंग्ज मात्र बऱ्याचदा गळतात.

प्लगइन (सॉफ्टवेअरला जोडलेली छोटी पूरक साधनं) आणि शॉर्टकट एकेक करून तपासा. म्यूझस्कोर ३ ची बरीच प्लगइन ४ मध्ये जशीच्या तशी चालत नाहीत.