हजार फुटांवरचं 'स्टेबल'

सिम्युलेटरमधलं विमान सुखरूप उतरलं, तरी ते सत्र मी मंजूर केलं नाही. डाव्या सीटवर हवाई दलाच्या लढाऊ विमानांवरून आलेला, आता कमांडचं, म्हणजे कॅप्टनपदाचं, प्रशिक्षण घेणारा वैमानिक. उजवीकडे तरुण फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक. मागे प्रशिक्षक म्हणून मी. विमान ए320, ढगांचा तळ 800 फुटांवर, धावपट्टी ओली, पाठीमागून वारा.

लढाऊ वैमानिकाला एअरबसची उजवी सीट पटकन जमते. उजव्या हातात स्टिक, डाव्या हातात थ्रॉटल, अगदी पूर्वीसारखंच. कॅप्टन व्हायला डावीकडे गेला की दोन्ही हात उलटे होतात. पण हात वळतात. कान वळायला जास्त वेळ लागतो. वर्षानुवर्षं कॉकपिटमध्ये एकटा बसलेला माणूस शेजारून आलेला शब्द स्वतःच्या डोळ्यांइतका भरवशाचा मानायला सहज तयार होत नाही. मीही हवाई दलातूनच आलो, म्हणून हे ठामपणे सांगतो.

कंट्रोलरचा आवाज माझाच होता आणि मी त्यांना मुद्दाम उंच ठेवलं. धावपट्टी 10 सागरी मैलांवर, उंची 4,500 फूट, वेग 190 नॉट. तीन अंशांच्या उतारावर मैलाला साधारण 320 फूट उतरायचं असतं, म्हणजे तिथे 3,200 फूट हवेत. 1,300 फूट जास्त. प्रवासी जेट इतकं गुळगुळीत असतं की एकाच वेळी झपाट्याने खाली येणं आणि वेग टाकणं त्याला जमत नाही. कॅप्टनने सुरुवात अचूक केली. आधी गिअर (चाकं) खाली, मग फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या झडपा, 2 वर. ऑटोपायलट मध्येच सपाट होऊ नये म्हणून निवडलेली उंची विमानाच्या वर नेऊन ठेवली आणि उतरण्याचा दर मिनिटाला 2,000 फूट दिला. 1,600 फुटांवर ग्लाइडस्लोप, म्हणजे धावपट्टीकडे नेणारा तो तीन अंशांचा रेडिओ-उतार, पकडला. वेग 185 नॉटच्या खाली आल्यावर फ्लॅप 3, 177 च्या खाली फुल. एकही मर्यादा ओलांडली नाही. इतकी सफाई मला क्वचित बघायला मिळते.

1,400 फुटांवर फर्स्ट ऑफिसर म्हणाला, "स्पीड." कॅप्टन म्हणाला, "बघतोय."

हजार फुटांवर यंत्राचा आवाज आला. इथे वेग, उतार, इंजिनांचा जोर सगळं जागेवर असेल तर शेजारच्याने 'स्टेबल' म्हणायचं, नाही तर 'अनस्टेबल'. वेग 166, हवा होता 138. सवलत फक्त 10 नॉटची. इंजिनं आयडलवर, म्हणजे किमान जोरावर. ढगात असताना इथे एकच उत्तर असतं: गो-अराउंड, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जाणं. फर्स्ट ऑफिसर म्हणाला, "स्टेबल."

250 फुटांवर वेग जागेवर आला, इंजिनांनी जोर धरला, चाकं टचडाउन झोनमध्ये, म्हणजे धावपट्टीवर टेकण्यासाठी ठरलेल्या पट्ट्यात, टेकली. कॅप्टनने विचारलं, "सर, चुकलं काय?"

मी त्यांना पुन्हा हजार फुटांवर नेलं. तोच वेग, तेच आयडल. या वेळी 300 फुटांवर पाठीमागचा वारा अचानक वाढवला. वेग आधीच घसरत होता, तो 138 च्या बराच खाली गेला. कॅप्टनने थ्रॉटलचे लीव्हर लगेच पुढे ढकलले, पण मोठ्या टर्बोफॅनला आयडलवरून पूर्ण जोर धरायला सेकंद लागतात. प्रमाणीकरणाचे नियमसुद्धा 8 सेकंदांचा हिशोब धरतात. विमान 60 फुटांपर्यंत खसकलं, मग वर गेलं. हजार फुटांची अट असते ती या सेकंदांसाठी. वैमानिकाच्या कौशल्यावर तो अविश्वास नाही.

डीब्रीफ, म्हणजे सत्रानंतरची चर्चा, मी हवाई दलाच्या स्क्वाड्रनच्या रीतीने घेतलं. हुद्दा बाहेर ठेवायचा आणि आधी धाकट्याने बोलायचं. ही रीत नागरी विमानसेवेने पूर्णपणे उचलायला हवी होती; आमच्याकडे बहुतेक डीब्रीफ प्रशिक्षकाच्या भाषणात संपतात. फर्स्ट ऑफिसर म्हणाला, "सर, कॅप्टन जमवणार हे दिसत होतं."

कॅप्टन गप्प झाला. खरं तर फर्स्ट ऑफिसर खोटं बोलला नव्हता. पुढे काय होणार ते त्याने सांगितलं. त्याच्याकडून हवं होतं ते त्या क्षणाचं वाचन. कच्च्या हाताचा कॅप्टन असता तर त्याने 'अनस्टेबल' म्हटलंच असतं. शेजारचा हात जितका तयार, तितकी टोकणाऱ्याची जीभ जड होते, आणि याची तालीम आपण कुठेच देत नाही.

मूल्यांकनाच्या फॉर्मवर हाताने उडवण्याला वेगळे गुण आहेत. चुकीच्या 'स्टेबल'साठी रकानाच नाही. मी शेऱ्यात लिहिलं आणि दोघांचं सत्र पुन्हा लावलं. कार्यालयातून विचारणा आली: परीक्षा कॅप्टनची होती, फर्स्ट ऑफिसरला कशाला अडवता? मी शेरा बदललेला नाही.